माणसांची वाढती संख्या, तापणारे हवामान आणि आपण जन्माला घातलेले प्राणी

धागाकर्ती : नीलमोहर

हवामानबदलाची चर्चा लोकसंख्येपाशी येऊन ठेपली की ती हमखास दोन तटांत विभागली जाते. एका तटाचे म्हणणे असे की पृथ्वीवर माणसेच फार झाली आहेत, त्यामुळे बाकीचे उपाय म्हणजे वरवरची मलमपट्टी. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की संपन्न लोक आपली उधळपट्टी झाकण्यासाठी गरिबांच्या मुलांकडे बोट दाखवतात. दोन्हीकडे तथ्य आहे, पण दोघांचाही हिशेब माणसांपाशी सुरू होऊन माणसांपाशीच संपतो. प्राणी या चर्चेत येतात ते वितळत्या बर्फावरच्या अस्वलाच्या छायाचित्रापुरते, किंवा मिथेन सोडणाऱ्या गुरांच्या टक्केवारीपुरते. मला वाटते की हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत ते प्राण्यांविषयीच्या आपल्या दृष्टिकोनात, आणि तो बाजूला ठेवून केलेली चर्चा अपुरी राहते.

आधी माणसांची संख्या पाहू. १८०४च्या सुमारास १०० कोटी असलेली जगाची लोकसंख्या १९२७ मध्ये २०० कोटी झाली, १९७४ मध्ये ४०० कोटी आणि संयुक्त राष्ट्रांच्या गणनेनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटी. मात्र वाढीचा वेग १९६०च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर जाऊन आला आणि आता एक टक्क्याच्याही खाली उतरला आहे. त्या काळी दर स्त्रीमागे सरासरी पाच मुले होती. आज हा आकडा सव्वादोनच्या आसपास आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकाच्या मध्यावर लोकसंख्या सुमारे १,०३० कोटींवर पोहोचेल आणि मग हळूहळू उतरू लागेल. पुढच्या वाढीतला मोठा वाटा आधीच जन्मलेली तरुण पिढी आईबाप होण्याच्या वयात येत असल्यामुळे आहे, आणि ही वाढ कोणत्याही कायद्याने एकाएकी थांबणारी नाही.

आता दुसरी लोकसंख्या. पृथ्वीवरील सजीवांच्या एकत्रित वजनाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की सर्व सस्तन प्राण्यांच्या वजनापैकी ६० टक्के वजन पाळीव जनावरांचे आहे, ३६ टक्के माणसांचे आणि उरलेल्या ४ टक्क्यांत हत्तींपासून उंदरांपर्यंत आणि वाघांपासून देवमाशांपर्यंत सगळे वन्य सस्तन प्राणी येतात. पक्ष्यांच्या बाबतीत सुमारे ७० टक्के वजन कोंबड्या-बदकांसारख्या पाळीव पक्ष्यांचे आहे. दरवर्षी ८,००० कोटींहून अधिक जमिनीवरचे प्राणी खाद्यासाठी मारले जातात आणि त्यांतल्या बहुसंख्य कोंबड्या असतात. मासे तर नगांत मोजलेच जात नाहीत. त्यांची नोंद टनांत होते. मोजण्याच्या या पद्धतीतच आपली दृष्टी उघडी पडते.

या दुसऱ्या लोकसंख्येचा हवामानाशी थेट संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुधनाच्या साखळीतून येतात असे मांडले होते. २०२३ मध्ये तिचा अंदाज १२ टक्क्यांच्या आसपास होता. पृथ्वीवरील राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळपास निम्मी शेतीखाली आहे, त्या शेतजमिनीतला तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग चराई आणि पशुखाद्यासाठी वापरला जातो, आणि त्यातून जगाला मिळणारे उष्मांक एक-पंचमांशाहूनही कमी आहेत.

माझा मुद्दा एवढाच आहे. माणसांचा जन्म हा त्या त्या कुटुंबाचा, विशेषतः त्या स्त्रीचा, निर्णय असतो आणि त्यावर बळजबरी करणे अन्याय्य आहे. पाळीव प्राण्यांचा जन्म मात्र सर्वस्वी आपण घडवून आणतो. कृत्रिम रेतन, अंडी उबवण्याची यंत्रे, जातींची निवड, सगळे आपल्या हातात आहे. ही संख्या आपण ठरवतो, आणि ती कमी करायची तर कोणत्याही माणसाच्या शरीरावर हक्क सांगावा लागत नाही; जन्माला घालणे कमी करावे लागते. तरीही ‘लोकसंख्या नियंत्रण’ हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर गरीब बायका का येतात, आणि लाखो कोंबड्यांच्या शेड का येत नाहीत?

प्रतिसाद : तर्कवेल

लेख आवडला, पण माणसांची संख्या तुम्ही फार लवकर बाजूला सारलीत असे वाटते. पाळीव जनावरांची संख्या वाढते ती खाणारी माणसे वाढतात म्हणून. शिवाय वन्यजीवांवरचे सर्वांत मोठे संकट सध्या तरी हवामान नाही. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०१९च्या अहवालात सुमारे दहा लाख प्रजातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे सांगितले आणि कारणांच्या क्रमवारीत जमीन व समुद्राच्या वापरातला बदल पहिला ठेवला, प्रत्यक्ष शिकार व मासेमारी दुसरी, आणि हवामानबदल तिसरा. जमिनीच्या वापरात बदल होतो तो शेती, घरे, रस्ते यांसाठी. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत येत्या काही दशकांत लोकसंख्या झपाट्याने वाढणार आहे आणि मोठे सस्तन प्राणी जगात सर्वाधिक विविधतेने उरले आहेत तेही तिथेच. तिथे संख्या गौण आहे असे म्हणता येईल का?

प्रतिसाद : नीलमोहर

गौण आहे असे मी म्हणणार नाही. पण संख्या वाढली की प्राणी संपतात आणि संख्या कमी असली की वाचतात, हे समीकरण इतिहासात टिकत नाही.

बेरिंग समुद्रातील स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये युरोपीय खलाशांना दिसली आणि १७६८ पर्यंत संपली. तेव्हा जगाची लोकसंख्या १०० कोटींहून कमी होती. उत्तर अमेरिकेतील गव्यांचे कोट्यवधींचे कळप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्या आत आले. तेथीलच प्रवासी कबुतर, ज्याचे थवे आकाश झाकून टाकत, त्याचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. विसाव्या शतकात व्यापारी शिकारीने सुमारे २९ लाख देवमासे मारले, आणि त्यातले बहुतेक अशा काळात मारले गेले की जगात आजच्या निम्मीही माणसे नव्हती. या प्रत्येक प्रसंगी प्राण्याकडे तेल, कातडे, मांस किंवा खताचा साठा म्हणून पाहिले गेले आणि तो साठा संपेपर्यंत कोणाचाही हात थांबला नाही.

उलट उदाहरणही आहे. पर्वतीय गोरिला ज्या रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमाभागात राहतात तो आफ्रिकेतील सर्वाधिक दाट वस्तीच्या ग्रामीण प्रदेशांपैकी एक. १९८०च्या दशकात हे गोरिला काहीशेच उरले होते. २०१८ पर्यंत त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आणि त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. या काळात भोवतीची लोकसंख्या वाढतच होती. बदलले ते हे की गोरिला जिवंत राहण्यात आसपासच्या गावांना आपला वाटा दिसू लागला, आणि गस्त व पशुवैद्यकीय सेवा सातत्याने चालू राहिली. देवमाशांच्या बाबतीतही तसेच. व्यापारी शिकारीवरील बंदी १९८६ पासून लागू झाली आणि कुबड असलेल्या देवमाशांची संख्या अनेक समुद्रांत सावरली, तीही जगाची लोकसंख्या ५०० कोटींवरून ८०० कोटींवर जात असताना.

प्रतिसाद : जलरेषा

गोरिलांचे उदाहरण खरे आहे. परंतु तिथे धोका बंदुकीचा आणि फासाचा होता, आणि तो माणसाने मागे घेता येतो. उष्णतेला गस्त घालून अडवता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर क्वीन्सलँडमध्ये दोन दिवस तापमान ४२ अंशांवर गेले आणि चष्मेवाल्या फलाहारी वटवाघळांपैकी सुमारे २३,००० मेली. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या एकूण संख्येचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा होता. टोरेस सामुद्रधुनीतील ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटावरचा मेलोमिस नावाचा उंदीर वारंवार येणाऱ्या समुद्राच्या पाण्यामुळे झाडोरा नष्ट होऊन संपला. २००९ नंतर तो कोणाला दिसला नाही आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. मानवनिर्मित हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद आहे. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींमध्ये पिलांना पाण्यात टिकणारी पिसे येण्याआधीच पायाखालचा समुद्री बर्फ फुटला, आणि त्या वर्षीची पिढी बुडाली.

या मृत्यूंची बातमी येते तेव्हा ती ‘प्रजातीला धोका’ अशी येते. प्रजाती महत्त्वाची आहेच. पण झाडाखाली पडलेल्या वटवाघळांच्या ढिगात पिलांना छातीशी धरून मेलेल्या माद्या असतात, आणि त्या प्रत्येकीला धाप लागली, तहान लागली, तिने पिलू सोडले नाही. प्रजाती वाचली म्हणून या जिवांचे सोसणे रद्द होत नाही. हवामानबदलाची किंमत मोजताना आपण बुडालेली पिके, घरे आणि विम्याचे दावे मोजतो. वन्य प्राण्यांचे सोसणे कोणत्याही रकान्यात येत नाही. मला ही गोष्ट अतिशय अस्वस्थ करते.

प्रतिसाद : मृगशीर्ष

नीलमोहर, ‘जन्माला घालणे कमी करावे’ हे तुमचे म्हणणे मला पटते. मात्र प्रत्यक्षात हवामानाच्या नावाने जो सल्ला दिला जातो तो याच्या नेमका उलट परिणाम घडवतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

सल्ला असा असतो की गोमांस सोडा आणि कोंबडी खा. उत्सर्जनाच्या दृष्टीने हा सल्ला बरोबर आहे. गाय रवंथ करते, तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे मिथेन तयार होतो, आणि मिथेन वातावरणात जेमतेम बारा वर्षे टिकत असला तरी वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. कोंबडी रवंथ करत नाही, ती दिलेल्या खाद्याचे मांसात रूपांतर अधिक कार्यक्षमतेने करते, त्यामुळे दर किलो मांसामागे तिचे उत्सर्जन कितीतरी कमी असते. पण एका बैलापासून मिळणारे मांस दोनशे किलोंहून अधिक असते आणि एका मांसल कोंबडीपासून दीड-दोन किलो. म्हणजे तेवढ्याच मांसासाठी एका जिवाच्या जागी शंभराहून अधिक जीव येतात.

आणि ते कसे जगतात हेही पाहिले पाहिजे. आजची मांसल कोंबडी पाच ते सात आठवड्यांत कापली जाते. तिची जात इतक्या वेगाने वाढण्यासाठी निवडून तयार केलेली आहे की पायांची हाडे आणि हृदय त्या वजनाला पुरे पडत नाहीत. अनेक कोंबड्या शेवटच्या दिवसांत नीट चालूही शकत नाहीत. अंड्यांसाठीच्या जातीतील नर पिलांपासून ना अंडी मिळतात ना पुरेसे मांस, म्हणून जगभर दरवर्षी अशी शेकडो कोटी पिले जन्माच्या पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२च्या सुरुवातीपासून या प्रथेवर बंदी घातली, फ्रान्सनेही त्याच वर्षी निर्णय अमलात आणला, पण बहुतेक देशांत ती चालू आहे.

म्हणजे हवामानाचा हिशेब फक्त टनांत ठेवला तर तो प्राण्यांवरच्या अत्याचारात भर घालून ‘सुधारणा’ म्हणून मिरवू शकतो. उष्णतेची लाट आली की पंखे आणि वीज बंद पडलेल्या एकाच शेडमध्ये हजारो कोंबड्या गुदमरून मरतात. हवामानबदलाचे बळी आणि हवामानबदलावरचा उपाय, दोन्ही त्याच. म्हणून माझे म्हणणे आहे की मांस बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने प्राण्यांची संख्याही त्याच वाक्यात सांगितली पाहिजे, आणि मग मांसाऐवजी डाळी व कडधान्ये हा सल्ला आपोआप पुढे येतो, कारण तिथे दोन्ही हिशेब एकाच दिशेला जातात.

प्रतिसाद : तर्कवेल

मृगशीर्ष यांचा हा मुद्दा मी आजवर विचारात घेतला नव्हता. पूर्ण सहमत.

प्रतिसाद : अनाम वाटसरू

वरच्या चर्चेत ‘आपण’ हा शब्द फार सैलपणे वापरला जात आहे. आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात (सोमालिया, इथिओपिया, केनिया हा पूर्वेकडचा भाग) २०२० ते २०२३ या काळात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले आणि पशुपालकांची लाखो जनावरे मेली. या लोकांचा जगाच्या उत्सर्जनात वाटा नगण्य आहे. त्यांच्याकडे जनावर हीच ठेव, दूध, ओझे वाहणारा सोबती आणि कुटुंबाचा मान. जिथे पाऊस शेतीला पुरत नाही तिथे गवताचे अन्नात रूपांतर करण्याचा दुसरा मार्गही नसतो. जगातील सर्वाधिक श्रीमंत १० टक्के लोक एकूण उत्सर्जनाच्या जवळपास निम्म्या भागाला जबाबदार आहेत. अशा जगात ‘पाळीव जनावरे कमी करा’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे ते स्पष्ट केले नाही, तर ते पहिल्यांदा त्याच पशुपालकावर लादले जाईल, कारण त्याला विरोध करण्याची ताकद सर्वांत कमी आहे.

आणखी एक गोष्ट. प्राणिप्रेमाच्या काही लेखनात माणसाविषयी जी तुच्छता दिसते, माणूस म्हणजे पृथ्वीला जडलेला रोग अशा धर्तीची, ती मला धोकादायक वाटते. ती बोलणारा स्वतःला त्या रोगात कधीच धरत नाही.

प्रतिसाद : नीलमोहर

तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. माझा रोख त्या पशुपालकाकडे नाही. बंदिस्त शेडमधले प्रचंड कळप, आयात केलेल्या सोयाबीनवर पोसलेली जनावरे आणि माणशी वर्षाला १०० किलोंच्या आसपास मांस खाणारे देश यांच्याकडे तो आहे, आणि कपातीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

तुच्छतेबद्दल तर माझे मत तुमच्याहून कठोर आहे. माणसाला रोग म्हणणारी भाषा ज्या ज्या वेळी सत्तेच्या हातात पडली त्या त्या वेळी सक्तीच्या नसबंद्या आणि सक्तीचे गर्भपात झाले आहेत. १९९४च्या कैरो येथील संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केले की लोकसंख्येचे धोरण आकड्यांच्या लक्ष्यावर नव्हे तर स्त्रियांच्या हक्कांवर उभे राहिले पाहिजे. जननदर उतरतो तो मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतली घट आणि गर्भनिरोधक साधनांची उपलब्धता यांमुळे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२२च्या अहवालानुसार जगातील जवळपास निम्म्या गर्भधारणा अनियोजित असतात. म्हणजे केवळ स्त्रीच्या इच्छेचा मान राखला गेला तरी लोकसंख्यावाढ मंदावते. एखाद्या जिवाच्या शरीराचा वापर त्याच्या इच्छेविरुद्ध करू नये, हे तत्त्व मला दोन्ही ठिकाणी सारखेच लागू वाटते. त्यामुळे स्त्रीवर होणारी सक्ती आणि पिंजऱ्यातल्या प्राण्यावर होणारी सक्ती, या दोहोंना विरोध करताना मला भूमिका बदलावी लागत नाही.

प्रतिसाद : जलरेषा

तत्त्व सुंदर आहे, पण ते सगळ्यात कठीण प्रसंगी काय सांगते हे विचारायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये तीव्र दुष्काळात नामिबियाने ८३ हत्तींसह ७२३ वन्य प्राणी मारून त्यांचे मांस भुकेल्या लोकांना देण्याचे जाहीर केले. पाठोपाठ झिम्बाब्वेनेही २०० हत्ती मारण्याचा निर्णय सांगितला. तिथे भूक खरी होती आणि पाण्यावरून हत्ती व माणसे यांच्यात संघर्षही खरा होता. तुमचे तत्त्व तिथे कोणाच्या बाजूने उभे राहते?

प्रतिसाद : नीलमोहर

भुकेल्या माणसाला मी हत्तीचे मांस खाऊ नको असे सांगणार नाही. पण ७२३ प्राण्यांचे मांस लाखो लोकांच्या भुकेपुढे अगदी थोडे होते. जगाकडे धान्य नव्हते असेही नाही, कारण पिकणाऱ्या धान्यापैकी सुमारे एक-तृतीयांश धान्य जनावरांच्या खाद्यात जाते. ज्यांनी वातावरण तापवले त्यांनी वेळेवर धान्य पाठवले नाही, आणि किंमत मोजली त्या दोघांनी ज्यांचा यात काही दोष नव्हता: नामिबियातल्या गावकऱ्याने आणि हत्तीने. त्या दोघांना एकमेकांसमोर उभे करून ‘कोण महत्त्वाचे’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा तिसरा पक्ष नजरेआड राहतो. म्हणून हवामानाच्या नुकसानभरपाईचा निधी हा मला प्राण्यांच्या संरक्षणाचाही प्रश्न वाटतो.

प्रतिसाद : मृगशीर्ष

धोरणाबद्दल एक शेवटची गोष्ट. डेन्मार्कने २०२४ मध्ये पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचे ठरवले. असे करणारा तो पहिला देश आहे. ही दिशा मला योग्य वाटते. पण करातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे गाईच्या खाद्यात मिथेन कमी करणारी द्रव्ये मिसळणे, आणि दुभत्या गुरांमध्ये त्याने मिथेन सुमारे ३० टक्के कमी होऊ शकतो. असे झाल्यावर गोठा तोच राहील, वासरू आईपासून जन्मताच वेगळे केले जाणेही तसेच राहील, फक्त कागदावरचे उत्सर्जन उतरेल. दर किलोमागे उत्सर्जन घटवणे आणि एकूण प्राणी कमी जन्माला घालणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. ब्रिटनने २०२२च्या कायद्याने खेकडे आणि ऑक्टोपस यांनाही संवेदनक्षम मानले आहे. संवेदना मान्य करणाऱ्या देशांनी आपल्या हवामान आराखड्यात उत्सर्जनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना जोडावा, ‘या वर्षी जन्माला घातलेले प्राणी’ असा, आणि त्यात मासेही टनांत न लिहिता नगांत लिहावेत.

प्रतिसाद : अनाम वाटसरू

हा रकाना जोडायचा असेल तर त्यात देशात खाल्ले जाणारे पण बाहेर वाढवलेले प्राणीही धरले पाहिजेत, नाही तर श्रीमंत देश आपल्या शेड दुसऱ्यांच्या जमिनीवर नेतील आणि आकडा घटला असे सांगतील. कारखान्यांच्या उत्सर्जनाबाबत हे आधीच घडले आहे.

प्रतिसाद : नीलमोहर

मान्य. आयातीसह मोजणी, आणि कपातीचे ओझे माणशी खपाच्या प्रमाणात. पशुपालकांच्या चराऊ कळपांसाठी वेगळे निकष कसे असावेत, यावर तुम्हीच सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.